साहेब बदलतात, कागद राहतो

तुझी बढती ज्या बैठकीत ठरेल, तिथल्या एकाही माणसाने तुला बहुधा पाहिलेलं नसेल. विभागीय पदोन्नती समिती म्हणजे काही अधिकारी, त्यांच्यासमोर ज्येष्ठता यादी आणि प्रत्येक नावापुढे एक तक्ता. परीक्षा उत्तीर्ण आहे का, गेल्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल काय म्हणतात, चौकशी चालू आहे का, मत्ता-दायित्वाचं विवरण दिलंय का. तू अतिवृष्टीच्या याद्या पहाटेपर्यंत जुळवत बसलीस, निवडणुकीत सलग तीन रात्री घरी गेली नाहीस, हे त्या तक्त्यात आपोआप उतरत नाही. कुणीतरी, कधीतरी लिहून ठेवलं असेल तेवढंच उतरतं.

महसूल सहायक म्हणून रुजू झालीस, पेढे वाटून झाले, आता काकाचं ऐक. मी याच खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो. आमच्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं असं मी म्हणणार नाही. होते. शिरस्तेदार होते, अव्वल कारकून होते, एक-एक माणूस म्हणजे चालता-बोलता महसूल कायदा. फक्त ते सगळं चहाच्या टपरीवर सांगायचे, म्हणून अर्धं कानातून निघून जायचं. तुला लिहून पाठवतोय.

पहिलं काम सेवापुस्तकाचं. पहिल्याच महिन्यात आस्थापना शाखेत जा, तिथल्या भाऊसाहेबांना गोड बोल आणि आपलं सेवापुस्तक उघडून बघ. पहिल्या पानावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे का? जन्मतारीख अंकात आणि अक्षरात एकच आहे का? ती चुकलेली असेल तर दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. नंतर कितीही पुरावे आणलेस तरी दार बंद. रुजू झाल्याची तारीख, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, नामनिर्देशन, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणीच्या नोंदी, तुला लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची नोंद, सगळं बघ. दुय्यम सेवापुस्तक मागून घे आणि दरवर्षी मूळ पुस्तकाशी ताडून त्यात नोंदी करून घे. लग्नानंतर नाव बदललंस तर राजपत्राची प्रत जोडून ती नोंदही करून घे. तुझ्या पुस्तकात काय नाही हे तुला माहीत असायला हवं, कारण आस्थापनेवरच्या माणसाला तीनशे पुस्तकं सांभाळायची असतात.

माझ्याबरोबरचा एक जण खात्याची परीक्षा पहिल्याच फेरीत पास झाला होता. निकालाचं पत्र आलं, फाईलला लागलं, पण सेवापुस्तकात नोंद झाली नाही. बढतीची यादी निघाली तेव्हा त्याच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’. पत्र शोधून काढलं, प्रस्ताव गेला, त्रुटी निघाल्या, पुन्हा गेला. शेवटी मागच्या तारखेपासून बढती धरणारा मानीव दिनांक मिळाला, पण तोपर्यंत त्याच्या हाताखालची दोन पोरं त्याच्या वर जाऊन बसली होती आणि तो त्यांच्यापुढे सह्यांसाठी फाईल ठेवत होता. चूक कुणाची होती, यावर आम्ही खूप वाद घातला. पण शेवटी भोगलं त्यानेच.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, कारण तू अभ्यासू आहेस. दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढची महसूल अर्हता परीक्षा, दोन्ही ठराविक मुदतीत आणि ठराविक संधींत पास व्हावं लागतं. चुकलीस तर ज्येष्ठता खाली जाते. ‘पुढच्या वर्षी बसू, आता घरात लहान मूल आहे’ असं म्हणणाऱ्या कितीतरी हुशार बायका मी कारकून म्हणूनच निवृत्त होताना पाहिल्या. नवरे मात्र कधी असं म्हणाले नाहीत. मूल होण्याआधी परीक्षा उरकून टाक, किंवा झाल्यावर घरच्यांना कामाला लाव. भाषा परीक्षेतून सूट मिळण्यासारखी असेल तर नुसतं ‘मला सूट आहे’ म्हणून भागत नाही. तसा आदेश काढून घे आणि त्याची नोंद करून घे. परीक्षेच्या निमित्ताने जमीन महसूल संहिता एकदा नीट वाचून होते, तो खरा फायदा. १९६६ ची संहिता आणि गाव नमुने १ ते २१ ज्याला तोंडपाठ नसले तरी ओळखीचे आहेत, त्याच्या टेबलाकडे लोक आपोआप वळतात. लोक वळले की साहेबही वळतात.

आता टिपणी. माझ्या मते कारकुनाचं सगळं भविष्य टिपणीत असतं आणि हे कुठल्याही प्रशिक्षणात पुरेसं शिकवत नाहीत.

समज, तहसील कार्यालयात तुझ्या संकलनात, म्हणजे तुझ्या टेबलावर, एका शेतकऱ्याचा अर्ज आला. शेजाऱ्याने रस्ता अडवलाय, बैलगाडी जात नाही, कारवाई करावी. नवखा कारकून काय लिहितो? ‘अर्जदार यांनी रस्त्याबाबत अर्ज केला आहे. मंडळ अधिकारी यांचा अहवाल मागविणे योग्य राहील. आदेशार्थ सादर.’ यात खोटं काहीच नाही. पण साहेबांना यातून काहीही कळत नाही. ते अर्ज स्वतः वाचतात, वैतागतात आणि समासात ‘चर्चा करा’ असं लिहून फाईल परत पाठवतात. चर्चा करा म्हणजे तुझं काम अपुरं.

आता हेच नीट कसं होईल ते बघ. आधी अर्ज वाचून ठरव, हा रस्ता आधीपासून होता आणि आता अडवला, की रस्ता नव्हताच आणि आता नवा हवा आहे? पहिलं असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५. दुसरं असेल तर महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून रस्ता. दोन्हींची वाट वेगळी. पहिल्यात अडथळा कधी केला ती तारीख लागते, कारण दावा सहा महिन्यांच्या आत आलेला हवा. अर्जात तारीख नसेल तर ती अर्जदाराला विचारायला हवी, आणि हे तूच लिहायला हवंस. मग टिपणी अशी होते: अर्जदार अमुक गट नंबरचे धारक; रस्ता वहिवाटीचा असून अमुक तारखेला चर खोदून अडवल्याचं म्हणणं; सातबारा आणि नकाशा सोबत जोडला आहे, पृष्ठ अमुक; दावा मुदतीत आहे; कलम ५ खाली नोंदवून दोन्ही बाजूंना नोटीस काढण्याबाबत; नोटिशीचा मसुदा सोबत ठेवला आहे. साहेबांनी फक्त सही करायची.

हा शेवटचा मसुदा फार महत्त्वाचा. ‘योग्य राहील’ असं लिहून पत्र नंतर तयार करणारा कारकून फाईल दोनदा फिरवतो. मसुदा जोडून देणारा एकदाच. वर्षभरात साहेबांच्या लक्षात येतं की या पोरीची फाईल उघडली की सही करून बाजूला ठेवता येते, धोका नसतो, पुढे अपिलात तोंडघशी पडावं लागत नाही. कठीण टपाल आलं की साहेब शिपायाला सांगतात, ‘हे मॅडमकडे दे.’ तेव्हा कुरकुर करू नकोस. काम जास्त पडतं, पगार तोच, हे मला माहीत आहे. पण अवघड संकलन ज्याच्याकडे असतं त्याचंच नाव अहवालात नीट लिहावं लागतं, सोप्या टेबलावर बसलेल्याबद्दल लिहायला काही नसतंच.

आणि फाईल टेबलावर झोपू देऊ नकोस. बदल्यांच्या आणि दफ्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे साधी फाईल कुणाकडेही सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. हा कायदा लोकांना आता तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सहा गठ्ठे पद्धत जुनी म्हणून हसू नकोस. कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं असे सहा गठ्ठे ज्याचे लागलेले असतात, त्याच्याकडे तपासणी आली तरी घाम फुटत नाही. ई-ऑफिस आलं तरी डोक्यातले गठ्ठे तेच. खास करून प्रतीक्षाधीन गठ्ठा दर सोमवारी काढ. ‘अहवाल मागवला आहे’ या वाक्याखाली आपल्या खात्यात वर्षानुवर्षं प्रकरणं पुरली जातात.

गोपनीय अहवालाची गंमत अशी की तो लिहितात साहेब, पण त्याचा अर्धा मजकूर तुझ्या हातात असतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचं स्वयंमूल्यनिर्धारण तू भरून देतेस. बहुतेक जण तिथे लिहितात, ‘नेमून दिलेली कामे वेळेत पार पाडली.’ वर्षभराचं काम एका ओळीत मातीत. साहेबांकडे असे शंभर अहवाल असतात. त्यांनी तुझ्या वतीने आठवून लिहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याऐवजी लिही: वर्षारंभी प्रलंबित प्रकरणं इतकी, वर्षात आलेली इतकी, निकाली इतकी, मार्चअखेर शिल्लक इतकी. लेखापरीक्षणाचे इतके जुने परिच्छेद वगळून घेतले. अमुक तारखेपासून दुसऱ्या रिक्त टेबलाचा अतिरिक्त कार्यभार, आदेशाचा क्रमांक असा. निवडणुकीत अमुक काम. आकडे असले की साहेबांना वेगळं विशेषण शोधावं लागत नाही, आणि ‘ब’ लिहिताना हात अडखळतो. यासाठी एक साधी वही ठेव. महिनाअखेरीला पाच ओळी. मार्चमध्ये आठवायला बसलीस तर पाऊस आणि निवडणूक सोडून काही आठवणार नाही.

साहेबांची बदली झाली की लगेच हिशेब कर. त्यांच्या हाताखाली तीन महिने किंवा जास्त झाले असतील तर त्यांनी तेवढ्या काळाचा अहवाल लिहायला हवा. निरोप समारंभाच्या आधी फॉर्म त्यांच्या टेबलावर गेला पाहिजे. नंतर माणूस गडचिरोलीला गेलेला असतो किंवा निवृत्त होऊन नातवंडांत रमलेला असतो, आणि तू फोन करत बसतेस. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा अशा लांब रजेमुळे एखाद्या काळाचा अहवाल लिहिता येत नसेल तर तसा दाखला लावून घे. पाच वर्षांच्या माळेत एक मणी गायब असला की समितीपुढे नाव बाजूला पडतं.

अहवालाची प्रत मिळते, ती वाच. वाचायला लाजणारे लोक मी पाहिलेत! देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले एक अभियंते होते. बढतीसाठी पाचही वर्षं ‘अतिशय चांगला’ हवं होतं. एका वर्षी त्यांना नुसतं ‘चांगला’ मिळालं होतं. चांगला म्हणजे काही वाईट नव्हे, म्हणून ते त्यांना कुणी कळवलंच नाही, आणि बढती हुकली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शेरा कसाही असो, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. तेव्हा प्रतवारी कमी वाटली तर मुदतीत अभिवेदन दे. त्यात रडगाणं नको, साहेबांवर आरोप नको. तुझ्या वहीतले आकडे, आदेशांचे क्रमांक आणि एक विनंती. एक पान पुरतं.

साहेबांच्या पुढे-पुढे करणं या विषयावर माझं मत जरा कोरडं आहे. साहेबांच्या मुलाचं ॲडमिशन, सौभाग्यवतींची गाडी, वाढदिवसाचा केक यांत कार्यालयातली दोन-तीन माणसं कायम गुंतलेली असतात, आणि त्यांना कधीमधी फायदा होतो हेही खरं. पण अधिकाऱ्याचा एका जागी सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षं. समिती बघते पाच वर्षं. म्हणजे तुझ्या अहवालांवर किमान दोन साहेबांच्या सह्या असणार, वर पुनर्विलोकन करणारा वेगळाच. एकाचा अगदी खास झालेला माणूस नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी ‘जुन्या साहेबांचा माणूस’ म्हणून कळतो. त्यापेक्षा प्रत्येकाशी सारखं अंतर ठेवावं. नमस्कार वेळेवर, उत्तर खरं, आणि माहीत नसेल तर ‘बघून सांगते, साहेब’. हे तीन शब्द उच्चारायला कमीपणा वाटतो म्हणून लोक बैठकीत ठोकून देतात आणि मग तो आकडा वर मंत्रालयापर्यंत जातो.

एका बाबतीत मात्र साहेब कितीही चांगले असोत, ऐकू नकोस. तोंडी आदेशावर नियमाबाहेरचं काम करायचं नाही. १९७९ च्या वर्तणूक नियमांतच आहे की वरिष्ठांचा निर्देश शक्यतो लेखी असावा, आणि तोंडी दिला तर लवकरात लवकर लेखी करून घ्यावा. भांडायची गरज नसते. टिपणीत लिहायचं, ‘मा. तहसीलदार यांनी आज चर्चेदरम्यान दिलेल्या निर्देशानुसार’ आणि फाईल त्यांच्याकडेच सहीला ठेवायची. निर्देश खरा असेल तर ते सही करतात; नसेल तर फाईल परत येते आणि विषय संपतो. आता तर आदेश वॉट्सअ‍ॅपवर येतात, रात्री साडेअकराला. त्याचीही छपाई काढून फाईलला लाव.

याचं कारण चौकशी. दोषारोपपत्र बजावलं गेलं की समिती तुझ्या नावाचा निर्णय मोहोरबंद पाकिटात ठेवते आणि पाकीट उघडतं ते चौकशी संपल्यावर. ती कधी संपेल ते कुणी सांगू शकत नाही. निर्दोष सुटलेली माणसंही त्या काळात मागे पडतात. नुसती कुणी तक्रार केली म्हणजे पाकीट लागत नाही, हेही ध्यानात ठेव; निनावी अर्जांना घाबरून ताठ काम करणं सोडू नकोस. पैशांबद्दल तुला सांगायची गरज नाही, तू आपल्या घरातली आहेस. फक्त ३१ मार्चच्या स्थितीचं मत्ता-दायित्वाचं विवरण दरवर्षी वेळेत दे आणि पोच घे. फ्लॅट घेतलास, दागिने मोडलेस, कर्ज काढलंस, सगळं आधी कळवलेलं बरं.

ज्येष्ठता यादी १ जानेवारीच्या स्थितीची निघते, आधी तात्पुरती, हरकती मागवून मग अंतिम. तात्पुरती यादी फलकावर लागते किंवा ग्रुपवर पडते आणि लोक फक्त आपलं नाव शोधून पान उलटतात. तू आपल्या वरचे पाच आणि खालचे पाच जण बघ. त्यांच्या नेमणुकीच्या तारखा, परीक्षेची वर्षं, तुझ्याशी ताड. चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत. अंतिम झाल्यावर भांडायला न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि तिथे ज्याच्यावर कुरघोडी झाली असेल तो तुझ्याच शेजारच्या टेबलावर बसलेला असतो. बिंदुनामावली, आरक्षणाचे खटले, सरकार काय करणार, हे विषय मात्र चहावाल्यासाठी सोड. ते तुझ्या हातात नाहीत आणि त्यांवर बोलण्यात माझ्या कितीतरी मित्रांची उमर गेली.

बढती आली आणि गाव लांब असेल तर घरात चर्चा होणार. ‘नको, इथेच बरी आहेस, पगार तर तेवढाच मिळतो’ असं कुणीतरी म्हणेल. १०, २० आणि ३० वर्षांनी बढतीविनाही वरचा पगार देणारा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ डोळ्यांसमोर ठेवूनच लोक असं बोलतात. पण बढती नाकारली की तो लाभही हातचा जातो, आणि निवडसूचीतली जागा पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. अडचण खरी असेल, घरात आजारपण असेल, तर वेगळी गोष्ट. नुसतं लांब पडतं म्हणून नाकारू नकोस. नव्या जागीही दोन-तीन वर्षांत बदलीसाठी विनंती करता येते.

आदेश हातात आला की मुदतीत कार्यमुक्त हो आणि मुदतीत रुजू हो. जाताना पदभाराची यादी स्वतः कर: चालू प्रकरणं क्रमांकासह, प्रतीक्षाधीन, नोंदवह्या, कपाटाच्या किल्ल्या, ई-ऑफिसचं लॉगिन बंद केल्याची नोंद. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, नायब तहसीलदारांची प्रतिस्वाक्षरी. एक प्रत आस्थापनेला, एक तुझ्याकडे. फाईल हरवल्याची नोटीस चार वर्षांनीही येते, आणि तेव्हा त्या यादीशिवाय दुसरं उत्तर नसतं.

या पत्राची एक प्रत काढून तुझ्याबरोबर लागलेल्या त्या लातूरच्या मुलीलाही दे. तिच्या घरात नोकरीत कुणीच नाही म्हणालीस.